चिव्यावरचा तुडतुडा

सगुण धुरीच्या माणगा बांबूच्या बेटात तायशेटे सर एका कोवळ्या पेरावर भिंग धरून वाकले होते, तेव्हा पाठीमागून कोणीतरी त्यांच्याच आवाजात बोललं.

"हा माणग्यावरचा तुडतुडा. पाटणसड्यावर चिव्यावर असतो तोही हाच. दोघांत काही फरक नाही."

सर दचकून वळले. मागे सगुणच होता. मोबाइल पेराजवळ धरून उभा, आणि गालातल्या गालात हसत होता.

"घाबारलास? तुमीच मा ते. काल कंपनीचो माणूस येवन ह्यां घालून गेलो. बांबवारचो खयचोय किडो दाखयलो की तायशेटे सर बोलूक लागतत. माजी बायल झुरळ दाखवन बघता, पण झुरळाचा तुमका काय कळणा नाय."

सरही हसले, पण उशिरा. आपला सदरा दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं त्यांना झालं होतं. आवाज त्यांचाच होता, वाक्याच्या शेवटी थोडा खाली उतरणारा. वाक्य मात्र त्यांचं नव्हतं. 'बहुधा' किंवा 'माझ्या पाहण्यात तरी' असं काहीतरी जोडल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी वाक्य संपवलं नव्हतं. आणि चिव्यावरच्या तुडतुड्याबद्दल तर त्यांनी असं काही कधी म्हटलंच नव्हतं.

"परत एकदा ऐकव बघू," ते म्हणाले.

सगुणने परत ऐकवलं. तेच वाक्य, तितकंच ठाम.

विश्राम तायशेटे हे मुळात कशाचीच खात्री नसलेले गृहस्थ. बाजारात बांगडा ताजा की कालचा हे ठरवायला ते इतका वेळ लावत, की मासळीवाली शेवटी स्वतःच्याच हाताने पिशवी भरून त्यांना वाटेला लावी. कुडाळच्या कॉलेजात त्यांनी हयातभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण वर्गात विद्यार्थ्याने शंका विचारली की तेच आधी गोंधळून जात. असं असूनही बांबूच्या रसावर जगणाऱ्या तुडतुड्यांच्या एका वंशापुरता देशात शेवटचा शब्द त्यांचा होता.

तुडतुडा म्हणजे तिळाएवढा कीटक. पिवळट अंग, पंखांच्या टोकाला तपकिरी पट्टी आणि मागच्या पायावर सुटा हलणारा एक काटा. या काट्यावरून घराणं कळतं, जात कळत नाही. जात ओळखायची तर नराच्या शेपटाकडचा भाग कापायचा, पोटॅशच्या पाण्यात उकळून पारदर्शक करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला हुकासारखा आकडा पाहायचा. एका जातीत तो आत वळलेला, दुसरीत टोकाशी दुभंगलेला. सह्याद्रीपासून आसामच्या टेकड्यांपर्यंत कुठली जात कुठल्या बांबूवर राहते, किती उंचीपर्यंत चढते, कुठे अचानक थांबते, हे सरांनी पायी हिंडून नकाशांवर मांडलं होतं. त्याचा ग्रंथ झाला. लेखक विश्राम तायशेटे, सहलेखक शाल्मली नाईकधुरे.

शाल्मली त्यांची विद्यार्थिनी. एम.एस्सी.ला असताना ती त्यांच्या प्रयोगशाळेत आली आणि मग घरातच वावरू लागली. तिला तिरफळ सोसत नसे, म्हणून सरांच्या पत्नी शुभदाताई बांगड्याची आमटी दोन भांड्यांत करत. सर बोलायला अडखळत तिथे शाल्मली त्यांचं वाक्य पुरं करी. परिषदांमध्ये तर सर नुसते नकाशे दाखवत आणि बोलायचं काम तीच करी. आपल्याला जिभेच्या जागी ही मुलगी मिळाली, असं सरांना वाटे.

ग्रंथातून एक गोष्ट मात्र सरांनी वगळली होती. पाटणसडा या सपाट माथ्याच्या डोंगराच्या उतारावर चिवा हा रानटी बांबू उगवतो, आणि त्या चिव्यावर एक तुडतुडा राहतो. वरून पाहिलं तर तो खालच्या बागांमधल्या माणग्यावरच्या तुडतुड्यासारखाच, आकडाही जवळजवळ तसाच. फक्त टोकाला किंचित पीळ. पण एकदोन नर असे सापडले होते की पीळ आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. सरांचं घोडं तिथेच अडलं.

मग त्यांनी गाणी ऐकली. तुडतुडे आपल्या कानांना ऐकू येईल असं गात नाहीत. नर पोट हलवून बांबूच्या काठीत कंप सोडतो, तो काठीतून पसरतो, दुसऱ्या फांदीवरची मादी पायांनी तो ऐकते आणि उलट उत्तर देते. त्या उत्तराच्या मागाने नर तिच्यापर्यंत पोचतो. सरांनी जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई चिव्याच्या काठीला बांधली आणि कानाला हेडफोन लावला. माणग्यावरचा नर आधी तुटक ठोके देतो आणि मग लांब ओढतो. चिव्यावरचा सुरुवातच लांब ओढून करत होता. त्या दिवशी सड्यावर शाल्मली त्यांच्या शेजारी बसली होती. सरांनी हेडफोन तिच्या कानाला लावला आणि म्हणाले, "वेगळा आहे गं हा. जगात एवढ्या एकाच डोंगरावरचा."

त्यात 'बहुधा' नव्हतं. शाल्मली म्हणाली, छापूया. सर म्हणाले, आणखी एक हंगाम बघू. तसे बरेच हंगाम गेले.

दरम्यान पेट्रोल पंपांवर बांबूपासून केलेलं इंधन मिळू लागलं होतं. कोकणातल्या पडीक वरकस जमिनी माणग्याने हिरव्या झाल्या, आणि त्या पाठोपाठ पिवळ्या पेरांचा रोग आला. पेरं पिवळी पडत, कोंब काळा होऊन बसे आणि दोन पावसाळ्यांत सगळं बेट वाळून जाई. रोगाचा विषाणू पसरवणारा होता माणग्यावरचा तुडतुडा. औषधं फवारून तो हटेना, कारण तो पानांच्या आवरणाखाली लपतो. तेव्हा एका इंधन कंपनीने कंपक काढला.

कंपक म्हणजे काठीला चिमट्याने लावायची, आगपेटीएवढी एक डबी. तीही काठीत कंप सोडते, पण नर-मादीच्या गाण्यावर बरोबर उलटा बसणारा. लग्नाच्या मांडवात दोन्ही बाजूंनी कर्णे लावले की शेजारी बसलेल्या माणसाचंही बोलणं कळत नाही, तसं काठीत होतं. नर गातो, मादीला कळत नाही. मादी उत्तर देते, नर भलतीकडेच जातो. कोणी मरत नाही, पण पुढची पिढी जन्मत नाही. आणि ज्या जातीच्या गाण्यावर डबी लावलेली असते, तेवढीच जात संपते. बाकीचे किडे, मधमाश्या, कोळी यांना त्याचा पत्ताही नसतो. सगुणसारखे बागायतदार या डब्यांची वाट पाहत होते, आणि सरांनाही हे यंत्र मनापासून आवडलं होतं.

सरकारने त्यावर एक नियम घातला होता. कंपक लावण्याआधी तिथल्या तुडतुड्याची जात नक्की झाली पाहिजे. गावोगाव तज्ज्ञ कुठून आणणार? म्हणून ओळखणारं यंत्र चालेल. पण ते यंत्र एखाद्या हयात तज्ज्ञाच्या छापील ग्रंथावर उभं असलं पाहिजे, आणि मुख्य लेखकाने ग्रंथ मागे घेतला तर यंत्राचा परवाना त्याच दिवशी संपेल.

त्या यंत्राचं नाव पारखी. ते बनवायला कंपनीने शाल्मलीला नेमलं, आणि शाल्मलीने सरांना समोर बसवलं. पडद्यावर एकेक तुडतुडा येई. सरांची नजर आधी कुठे जाते, कुठे थांबते, परत कुठे फिरते, हे कॅमेरा टिपत असे. मग सरांनी जातीचं बटण दाबायचं आणि का ते तोंडाने सांगायचं. जातींच्या बटणांच्या शेवटी एक वेगळं बटण होतं, 'सांगता येत नाही'. चिव्यावरचे तुडतुडे आले की सर बराच वेळ बघत बसत आणि मग तेच बटण दाबत. शाल्मली शेजारीच असे. एकदा तिने विचारलं, नक्की? सर म्हणाले, "तुला माहीतच आहे."

त्या वर्षी सर खुशीत होते. आपल्यामागे आपली नजर राहणार, या कल्पनेने त्यांना पहिल्यांदाच आपल्या आयुष्याचा काहीतरी उपयोग झाल्यासारखं वाटलं होतं.

सगुणच्या बेटातून ते घरी आले आणि शुभदाताईंना झाला प्रकार सांगितला. त्यांनी आपल्या मोबाइलवर पारखी उतरवून घेतलं, कुंडीतल्या शोभेच्या बांबूवरच्या किड्यावर धरलं आणि नवऱ्याचा आवाज लक्ष देऊन ऐकला.

"आवाज तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही घरी एवढं सलग कधी बोललात? लग्नाला होकार द्यायला पंधरवडा लावला होता तुम्ही. शाल्मलीला विचारा काय ते. पोर काही मुद्दाम करायची नाही."

सरांनाही तसंच वाटत होतं. काहीतरी तांत्रिक चूक असणार, बहुधा.

कंपनीचं कार्यालय गावाबाहेर होतं. शाल्मली दारापर्यंत आली, नेहमीसारखी वाकून पाया पडली, आणि गाडी पाठवली असती ना, म्हणून रागावली. तिने चहा मागवला. सरांना साखर कमी लागते हे तिनेच शिपायाला सांगितलं. परवाना समितीची सुनावणी झाली की पाटणसड्यावर कंपक लागणार असल्याचंही तिने आपणहून सांगितलं. खालच्या बागा साफ केल्या तरी रोग परत येतो, तेव्हा तुडतुडे सड्यावरून उतरत असणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. पारखीने दोन्हींकडचे तुडतुडे एकच ठरवल्यामुळे आता डबी दोन्ही गाण्यांवर लावता येणार होती.

"चिव्यावरच्याबद्दल मी यंत्राला काय सांगितलं होतं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर. दरवेळी शेवटचं बटण."

"मग फरक नाही, असं ते कुठून म्हणतं?"

शाल्मलीने कप खाली ठेवला. "बागायतदाराला डबी लावू की नको एवढंच हवं असतं. सांगता येत नाही म्हटलं तर तो यंत्र फेकून देईल. म्हणून जिथे तुम्हाला फरक दाखवता आला नाही, तिथे फरक नाही असं धरायचं ठरलं. आणि तुमचं ते बहुधा, वाटतं वगैरेही काढावं लागलं. लोकांचा विश्वास बसत नव्हता."

"कोणी ठरवलं?"

"मी."

बाहेर एक ट्रक माणग्याच्या मोळ्या उतरवत होता.

"पण तुला माहीत होतं," ते म्हणाले. "तू गाणं ऐकलंस. मी तुला सांगितलं होतं."

"ते छापलेलं नव्हतं, सर."

छापलं नाही ते शास्त्रात नाही, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. तिच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात. ती पुढे बोलत राहिली. सगळा तालुका पिवळा पडतोय, एका डोंगरासाठी थांबता येत नाही, तुम्ही आयुष्यभर थांबलात आणि त्याचं काय झालं ते बघा. आवाज चढवून नाही, समजुतीनेच बोलत होती. पूर्वी परिषदांमध्ये ती सरांच्या वतीने जशी बोलायची अगदी तशी.

घरी येऊन सरांनी ते केलं जे इतके हंगाम टाळलं होतं. आकड्याची चित्रं, गाण्याचे आलेख, सड्याचा नकाशा, सगळं एकत्र करून नव्या जातीचं वर्णन लिहिलं आणि एका संशोधनपत्रिकेला पाठवलं. एकदा पाठवल्यावर परत उघडून बघायचं नाही, अशी शुभदाताईंनी त्यांना शपथ घातली होती.

उत्तर लवकर आलं. लेख परीक्षणासाठी पाठवला होता, परीक्षकाने तो नाकारला होता. अभिप्राय असा होता की आकड्यातला फरक एका जातीत चालतो तेवढाच आहे, आणि लेखकाचा दावा या वंशाचे ज्येष्ठ तज्ज्ञ वि. तायशेटे यांच्या निर्णयाशी जुळत नाही. खाली तरुण संपादकाने संकोचाने लिहिलं होतं की या वंशाला दुसरा परीक्षकच उपलब्ध नाही, त्यामुळे परीक्षण पारखीकडूनच करून घ्यावं लागलं.

शुभदाताईंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तुम्हीच तुम्हाला नापास केलंत," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "ही आपली शाल्मली? हिला मी माझ्या हाताने वाढलं हो." मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात होती. परवाना समितीच्या अध्यक्ष बाई रत्नागिरीहून आल्या होत्या. सभागृह बागायतदारांनी भरलं होतं. दुसऱ्या रांगेत सगुण बसला होता, त्याने सरांना हात केला. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पिवळ्या पडलेल्या माणग्याचा एक तुकडा होता, समितीला दाखवायला आणलेला.

शाल्मलीने पडद्यावर दोन तुडतुडे शेजारी शेजारी दाखवले आणि पारखी सुरू केलं. सरांचा आवाज कर्ण्यांतून सभागृहभर घुमला. पीळ हा वयाप्रमाणे बदलतो, गाण्याचा फरक हा एकाच भाषेतल्या दोन बोलींचा फरक आहे, जात एकच. युक्तिवाद उत्तम होता. कॅमेऱ्यासमोर बसून सरांनी स्वतःशी पुटपुटलेल्या शंकाच त्यात होत्या, फक्त शंकांची उत्तरं झाली होती.

मग अध्यक्ष बाईंनी सरांना बोलायला सांगितलं. सर उठले. त्यांनी आकड्यांची चित्रं आणली होती, ती पुढे धरली. "माझ्या मते," त्यांनी सुरुवात केली, "म्हणजे माझ्या पाहण्यात तरी, बहुधा…" मागून कोणीतरी हसलं. सगळीकडे हसू पसरलं. त्यात वाईट काही नव्हतं, सरांचा स्वभाव तालुक्याला ठाऊक होता. अध्यक्ष बाईही हसू आवरत म्हणाल्या, "सर, पंचाईत झाली आहे. तायशेटे दोन आहेत. आम्ही कोणाचं ऐकायचं?"

सरांनी चित्रं खाली ठेवली. त्यांच्या लक्षात आलं की या वादात ते हरणार. स्वतःपेक्षा जास्त खात्री असलेल्या स्वतःशी वाद घालून कोणी जिंकत नाही. पुरावे होते, पण ते तपासणारा तोच, कर्ण्यातला. येत्या महिन्यात सड्यावर डब्या लागतील, आणि एवढ्या एकाच डोंगरावरची ती जात पुढच्या पावसाळ्यापर्यंत संपेल. ती होती, हेही कोणाला कळणार नाही.

आणि मग त्यांना परवान्याचा तो नियम आठवला. त्याची किंमतही त्याच क्षणी समजली. ग्रंथात नोंदलेल्या जातींबद्दल त्यांना शंका नव्हती. एकेक आकडा त्यांनी शंभरदा पाहिला होता. आयुष्यात खात्रीची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे होती.

"कोणाचंच ऐकू नका," सर म्हणाले. "पारखी माझ्या ग्रंथावर उभं आहे. त्या ग्रंथातली एकही ओळख मी आज खात्रीने सांगू शकत नाही. मी ग्रंथ मागे घेतो."

हे एवढं ते न अडखळता बोलले. सभागृहात कोणालाच पहिल्यांदा कळलं नाही. मग अध्यक्ष बाईंनी नियमाचं पान काढून मोठ्याने वाचलं, शेजारच्या सदस्याशी कुजबुजल्या आणि सरांना विचारलं की याचा अर्थ आपल्याला कळतो ना? पारखीचा परवाना आजच जाईल. सड्याचाच प्रश्न नाही. खाली बागांमध्ये चालू असलेले कंपकही नवा आधार मिळेपर्यंत बंद करावे लागतील. सर म्हणाले, कळतो. तेव्हा सगुण उभा राहिला आणि पिवळा तुकडा हातात धरून नुसता सरांकडे बघत राहिला.

व्हरांड्यात शाल्मलीने त्यांना गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"त्या ग्रंथावर माझंही नाव आहे, सर. माझी डॉक्टरेट त्यावर आहे. सगळं त्यावरच आहे माझं."

"हो."

"आणि तो ग्रंथ बरोबर आहे. तुम्हाला माहीत आहे तो बरोबर आहे. तुम्ही आत खोटं बोललात. तुम्ही."

सरांना वाटलं होतं की ही वेळ आली की आपल्याला राग येईल. घरी त्यांनी बोलायची वाक्यंही जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी ते बटण दाबायचो," ते हळू म्हणाले, "कारण तू शेजारी बसलेली असायचीस. उरलेलं तुला ठाऊक होतं. मी यंत्रासमोर बसलोय असं मला कधी वाटलंच नाही, शाल्मली. मी तुझ्यासमोर बसलो होतो."

कंपनीच्या माणसांनी तिला आत बोलावलं. जाताना तिने सवयीने वाकायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबली. सरांनीही आशीर्वादासाठी उचललेला हात मागे घेतला. त्यानंतर ती पुण्याला गेली एवढंच कळलं. शुभदाताईंनी तिचा नंबर मोबाइलमधून काढला नाही, पण फोनही केला नाही.

तालुक्यातले कंपक बंद झाले. शास्त्रज्ञ मंडळींनी तायशेटे म्हातारपणी भ्रमिष्ट झाले असं ठरवून टाकलं. ज्यांनी त्यांच्या नकाशांवरून आपली कामं केली होती ते चिडले. सर घरातून फारसे बाहेर पडेनात. बाजारात आता शुभदाताईच जात.

पावसाळा सरल्यावर मात्र त्यांना राहवेना. त्यांनी पिशवीत जाळी आणि काचेच्या नळ्या घातल्या आणि सड्याची वाट धरली. ती वाट सगुणच्या बागेतूनच वर चढते. इतकी वर्षं ते तिथून विचारल्याशिवाय जात आले होते, कधी कधी सगुण त्यांना शहाळं काढून देई. आज कुंपणातल्या बेड्याच्या आडव्या काठ्या सरकवून लावलेल्या होत्या आणि पलीकडे सगुण कोयती घेऊन वाळलेल्या काठ्या तोडत होता. बागेचा वरचा कोपरा पिवळा पडलेला सरांना लांबूनच दिसला.

"सगुण," त्यांनी हाक मारली.

सगुणने मान वर केली, पण तो जवळ आला नाही. "हयसून जाव नकात, सर. वाट बंद केलंय."

"मला तुझ्याशी बोलायचं होतं."

"तुमी बोलतास तां मी लय आयकलंय. मोबाइलातला आयकलंय, सभेतलाय आयकलंय." त्याने एक काठी ओढून बाजूला टाकली. "तुमचो किडो वाचलो मा? बरां झालां. माजो माणगो आता कोणाच्या भरवशार सोडू, तेवढा सांगा."

सगुणची चूक नव्हती. त्याने सरांचा आवाज ऐकून बागेत कंपक लावले होते आणि सरांनीच ते बंद पाडले होते. शाल्मलीने आपल्या भरवशाचं जे केलं तेच आपण याच्या भरवशाचं केलं का, हा प्रश्न घेऊन सर मागे वळले आणि रानातून वळसा घेऊन डोंगर चढू लागले. प्रश्न वरपर्यंत त्यांच्याबरोबर आला.

चिवा दाट वाढला होता. सरांनी जाळी फिरवली, आणि दुसऱ्याच झटक्यात एक नर नळीत आला. पिवळट अंग, तपकिरी पट्टी. दम लागला होता, म्हणून ते एका खडकावर टेकले आणि हाताच्या सवयीने अल्कोहोलची बाटली काढली. किडा त्यात टाकायचा, चिठ्ठी लावायची, घरी नेऊन आकडा पाहायचा, वर्णन लिहायचं, नाव द्यायचं. पण स्वतःचाच ग्रंथ खोटा म्हणणाऱ्या माणसाने ठेवलेलं नाव कोण मानणार? त्याने पकडलेला नमुनाही कोणी संग्रहात ठेवणार नाही.

कधीतरी दुसरं कोणीतरी येईल. अजून जन्माला न आलेलं असेल कदाचित. ते या उतारावर जाळी फिरवेल, टोकाचा पीळ बघून थबकेल आणि चार ओळींत छापून मोकळं होईल. तायशेटे यांच्या नजरेतून ही जात सुटली होती, असंही त्यात लिहील.

सरांनी अल्कोहोलची बाटली पिशवीत ठेवली आणि नळीचं बूच काढलं. तुडतुडा काचेच्या काठावर येऊन बसला, उडायची त्याला काही घाई नव्हती. सरांनी नळी एका चिव्याच्या पानाला टेकवली आणि किडा पानावर चढून आवरणाखाली दिसेनासा होईपर्यंत ती तशीच धरून ठेवली. मग रिकामी नळी खिशात घातली आणि ज्या लांबच्या वाटेने आले होते, त्याच वाटेने खाली उतरू लागले.